औद्योगिक यंत्रमानव व स्वयंचलन यांची परिभाषा

कारखान्यांतील यंत्रमानव आणि स्वयंचलित उत्पादन यांविषयी बोलताना, लिहिताना व शिकवताना वापरल्या जाणाऱ्या पारिभाषिक संज्ञांच्या समूहास औद्योगिक यंत्रमानव व स्वयंचलन यांची परिभाषा असे म्हणतात. यांतील बहुतेक संज्ञा इंग्रजीत घडल्या आहेत. मराठी भाषक कामगार, तंत्रज्ञ आणि विद्यार्थी त्या बहुधा इंग्रजी रूपातच वापरतात, तर पाठ्यपुस्तके व परिभाषाकोश त्यांना संस्कृतोद्भव पर्याय देतात. महाराष्ट्रात या परिभाषेची गरज मुख्यतः दोन ठिकाणी भासते. पहिले ठिकाण म्हणजे पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील वाहन उद्योग. दुसरे ठिकाण तुलनेने दुर्लक्षित असून ते म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील परंड्यासारख्या तालुक्यांचा ऊसपट्टा व तेथील साखर कारखाने.

संज्ञांची व्युत्पत्ती

‘रोबोट’ हा शब्द चेक लेखक कारेल चापेक यांच्या ‘आर. यू. आर.’ या १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नाटकातून जगभर पसरला. तो कारेल यांना त्यांचे बंधू योसेफ यांनी सुचवला होता. चेक भाषेतील ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदारासाठी सक्तीने करावे लागणारे काम. मराठीत यासाठी ‘वेठ’ हा नेमका शब्द आहे. ‘यंत्रमानव’ या रूढ पर्यायात ही छटा उरत नाही. शिवाय तो शब्द ऐकून वाचकाच्या डोळ्यांपुढे हातपाय असलेली आकृती उभी राहते. प्रत्यक्षात कारखान्यातील रोबोट हा बहुतेक वेळा जमिनीला बोल्टने जखडलेला एकच हात असतो.

‘रोबोटिक्स’ हा शब्द आयझॅक ॲसिमॉव्ह यांच्या १९४१ मधील एका विज्ञानकथेत प्रथम आला. ‘ऑटोमेशन’ हा शब्द अमेरिकेतील फोर्ड कंपनीत विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात रुळला. ‘मेकॅट्रॉनिक्स’ हा जोडशब्द जपानमधील यास्कावा कंपनीत १९६९ मध्ये घडवला गेला. पहिला औद्योगिक रोबोट मानला जाणारा ‘युनिमेट’ १९६१ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला. साच्यातून निघालेले तप्त धातूचे भाग उचलणे हे त्याचे काम होते.

मराठीतील पूर्वपरंपरा

नव्या तंत्राबरोबर परकी शब्द येणे मराठीला नवे नाही. ‘मलिक-ए-मैदान’ ही प्रसिद्ध तोफ १५४९ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीत ओतली गेली. ती काही काळ परंड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये विजापूरला नेण्यात आली. ती ओतणारा कारागीर रूमी, म्हणजे तुर्की मुलखातला होता आणि ‘तोफ’ हा शब्दही तुर्कीतूनच आला आहे. ‘कारखाना’ व ‘कारागीर’ हे शब्द फारसीतून, तर ‘मिस्त्री’ हा पोर्तुगिजांकडून मराठीत आला. शिवकाळात तयार झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’ने दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले. त्याच्या दहा वर्गांत शस्त्रांचा व दुर्गांचाही वर्ग होता. तरीही तोफ आणि कारखाना हे शब्द मराठीत कायम राहिले.

मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगारांनी आपली परिभाषा स्वतःच घडवली. ‘थ्रॉसल’ या सूतकताई यंत्राचे ‘त्रासन’ झाले, यंत्रमागाला ‘साचा’ म्हटले जाऊ लागले आणि पाळीची सूचना देणारा ‘भोंगा’ शहराच्या बोलीत शिरला. ‘रॅशनलायझेशन’ हा शब्द याच काळात कामगारांच्या कानी पडला. एका विणकराने दोनऐवजी अधिक साचे चालवावेत, असा त्याचा व्यवहारातील अर्थ होता. १९२८ च्या सुमारे सहा महिने चाललेल्या सार्वत्रिक संपामागचे हे एक प्रमुख कारण होते. व्यवस्थापनाच्या कागदावरचा शब्द नीट न कळणे किती महाग पडू शकते, याचे हे महाराष्ट्रातील जुने उदाहरण आहे.

यंत्रमानवाच्या वर्णनातील संज्ञा

आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या ‘आयएसओ ८३७३’ या मानकात यंत्रमानवविद्येच्या संज्ञा निश्चित केल्या आहेत. त्यानुसार औद्योगिक रोबोट म्हणजे आपोआप नियंत्रित होणारा, पुन्हा पुन्हा नव्याने आज्ञाबद्ध करता येणारा, अनेक कामांसाठी उपयोगी व किमान तीन अक्षांत हालचाल करू शकणारा हात. यातील ‘पुन्हा आज्ञाबद्ध करता येणारा’ ही अट निर्णायक आहे. एकच काम आयुष्यभर करणारे स्वयंचलित यंत्र या व्याख्येत बसत नाही.

रोबोटच्या टोकाला बसवलेल्या साधनास ‘एंड इफेक्टर’ म्हणतात. ते पकड असेल तर ‘ग्रिपर’. पण वेल्डिंगची टॉर्च किंवा रंगाची फवारणीही एंड इफेक्टरच होय. सांधे हलवणाऱ्या भागास ‘ॲक्च्युएटर’ म्हणतात. सांधा किती वळला हे मोजणारा भाग ‘एन्कोडर’ आणि उचलता येणारा कमाल भार ‘पेलोड’. भार सांगताना एंड इफेक्टरचे वजनही त्यात धरावे लागते, ही गोष्ट नवशिके हटकून विसरतात. ‘डिग्रीज ऑफ फ्रीडम’ म्हणजे स्वतंत्र हालचालींची संख्या. अवकाशात एखादी वस्तू हव्या त्या जागी आणि हव्या त्या कलाने ठेवण्यासाठी अशा सहा हालचाली लागतात. तीन जागेसाठी आणि तीन कलासाठी. म्हणूनच कारखान्यांत सहा अक्षांचे रोबोट सर्वाधिक दिसतात.

‘ॲक्युरसी’ व ‘रिपीटेबिलिटी’ या दोन संज्ञांची गल्लत सर्वांत जास्त होते. मराठीत दोन्हींसाठी सर्रास ‘अचूकता’ लिहिले जाते, आणि ते चूक आहे. बाजारातील एखादा काटा दर वेळी बरोबर ५० ग्रॅम जास्त दाखवत असेल, तर त्याची पुनरावृत्तिक्षमता उत्तम, पण अचूकता वाईट. रोबोटचेही असेच असते. तो एकाच जागी मिलिमीटरच्या काही शतांशांच्या फरकाने पुन्हा पुन्हा येतो. मात्र गणिताने सांगितलेल्या बिंदूपासून तो याहून बराच दूर असू शकतो. ‘टीच पेंडंट’ हातात घेऊन रोबोटला प्रत्यक्ष त्या बिंदूवर नेऊन शिकवले असेल, तर पुनरावृत्तिक्षमता पुरेशी असते. संगणकावर आधीच आज्ञावली लिहून ती रोबोटला दिली, की अचूकतेचा प्रश्न उभा राहतो.

नियंत्रणाच्या संज्ञा : साखर कारखान्याचे उदाहरण

परंडा तालुक्यातील विद्यार्थ्याला स्वयंचलन समजून घेण्यासाठी चाकणला जाण्याची गरज नाही. ऊस गव्हाणीत पडल्यापासून साखरेचे पोते भरेपर्यंत नियंत्रणशास्त्राची बहुतेक मूलतत्त्वे गळीत हंगामात डोळ्यांसमोर घडत असतात.

गिरणीच्या तोंडाशी तुकडे केलेल्या उसाचा एक उभा नळा असतो. त्यातील उसाची पातळी फार खाली गेली तर गिरणी रिकामी फिरते, फार वर गेली तर ऊस तुंबतो. जी पातळी राखायची ती ‘सेट पॉइंट’. संवेदक प्रत्यक्षात जी पातळी मोजतो ती ‘प्रोसेस व्हेरिएबल’. दोन्हींतील फरक ‘एरर’. इथे या शब्दाचा अर्थ चूक असा नसून तफावत असा आहे. तफावतीनुसार ऊसवाहक पट्ट्याचा वेग कमीजास्त करणे म्हणजे ‘फीडबॅक’. वेग बदलल्यानंतर त्याचा परिणाम नळ्यात दिसायला जो वेळ जातो तो ‘डेड टाइम’. हा वेळ विचारात न घेता नियंत्रक उतावीळपणे दुरुस्ती करत राहिला, तर पातळी सतत वरखाली होते. या दोषास ‘हंटिंग’ म्हणतात. पट्ट्यावर मागून किती ऊस येत आहे हे आधीच मोजून वेग बदलला, तर ते ‘फीडफॉरवर्ड’.

उसाचा ताजा रस आम्लधर्मी असतो. त्यात चुन्याची निवळी मिसळून तो उदासीन अवस्थेजवळ आणतात. चुना कमी पडला तर सुक्रोजचे विघटन होऊन साखर घटते. जास्त झाला तर रसाचा रंग बिघडतो. त्यामुळे सामूनियंत्रणाचे हे चक्र नीट ‘ट्यून’ केलेले नसेल, तर नुकसान शेवटी उताऱ्यात दिसते. उसाचा रास्त व किफायतशीर दर उताऱ्याशी जोडलेला असल्याने हा प्रश्न यंत्रशाळेपुरता राहत नाही, तो ऊसउत्पादकाच्या खिशापर्यंत पोहोचतो. ‘रिकव्हरी’ला ‘उतारा’, ‘क्रशिंग सीझन’ला ‘गळीत हंगाम’ आणि ‘मोलॅसिस’ला ‘मळी’ असे शब्द या उद्योगात इतके रुळले आहेत, की ते कोणत्याही कोशाने सुचवावे लागले नाहीत.

ही चक्रे आज बहुधा ‘पीएलसी’ या आज्ञाबद्ध तर्कनियंत्रकामार्फत किंवा ‘डीसीएस’ या विकेंद्रित नियंत्रण व्यवस्थेमार्फत चालतात. पीएलसीच्या आज्ञा लिहिण्याच्या सर्वांत प्रचलित पद्धतीस ‘लॅडर’ म्हणतात, कारण तिची आकृती शिडीसारखी दिसते. जुन्या रिले मंडलांची आकृती वाचू शकणाऱ्या वीजतंत्रीला ती सहज वाचता यावी, हा त्यामागील हेतू होता.

सुरक्षिततेच्या संज्ञा

थांबलेला रोबोट बंद असतोच असे नाही. तो ‘होल्ड’ स्थितीत, म्हणजे पुढच्या संकेताची वाट पाहत असू शकतो. ‘होल्ड’ आणि ‘इमर्जन्सी स्टॉप’ यांतील हा फरक न समजणे जिवावर बेतू शकते. १९७९ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात फ्लॅट रॉक येथील ओतशाळेत सुटे भाग काढण्यासाठी मांडणीवर चढलेला एक कामगार यंत्राच्या हाताचा आघात होऊन मरण पावला. रोबोटमुळे झालेला हा पहिला नोंदलेला मृत्यू मानला जातो.

कुंपणाचे दार उघडताच यंत्र थांबवणारी योजना म्हणजे ‘इंटरलॉक’. दुरुस्तीपूर्वी वीजपुरवठा तोडून त्यावर स्वतःचे कुलूप व पाटी लावण्याच्या पद्धतीस ‘लॉकआउट-टॅगआउट’ म्हणतात. टीच पेंडंटवरील ‘एनेबलिंग स्विच’ला तीन स्थिती असतात. तो मधल्या स्थितीत धरला तरच रोबोट हलतो. सोडला तरी थांबतो आणि घाबरून घट्ट आवळला तरीही थांबतो. माणसाशेजारी कुंपणाविना काम करणाऱ्या रोबोटला ‘कोबोट’ म्हणतात. त्याचा वेग व बल मर्यादित ठेवलेले असते. तथापि त्याच्या टोकाला धारदार पाते बसवले, तर केवळ नावामुळे तो निर्धोक ठरत नाही.

दुहेरी अर्थाच्या संज्ञा व रोजगार

इंग्रजी मजकूर वाचताना काही शब्द विशेष फसवे ठरतात. ‘रिडंडन्सी’चा अभियांत्रिकीतील अर्थ एक यंत्रणा बंद पडली तर दुसरी तयार असणे, ब्रिटिश रोजगार कायद्यात मात्र त्याच शब्दाचा अर्थ पद अनावश्यक ठरल्याने होणारी कामगारकपात. ‘बॅकलॅश’ म्हणजे दातेरी चाकांतील ढिलाई, आणि लोकांचा तीव्र विरोधही. ‘कम्प्लायन्स’ म्हणजे नियमपालन, तसेच सांध्याची लवचीकता. ‘स्कारा’ या जपानी रचनेच्या जुळणी-रोबोटच्या नावातील ‘क’ याच दुसऱ्या अर्थाचा आहे. ‘डिस्प्लेसमेंट’ म्हणजे विस्थापन. ते दट्ट्याचे असू शकते किंवा माणसाचे.

या शेवटच्या अर्थाची चर्चा मराठवाड्यात ऊसतोडणी यंत्राच्या संदर्भात होते. बीड, धाराशिव व आसपासच्या जिल्ह्यांतील कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन टोळीने तोडणीस जातात. नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाते. तोडणी यंत्रास अनेकदा ‘ऑटोमेशन’ म्हटले जाते, परंतु पारिभाषिकदृष्ट्या ते यांत्रिकीकरण आहे. यंत्र स्नायूंचे काम करते, निर्णय चालकच घेतो. यांत्रिकीकरणाने अनेक कोयत्यांच्या जागी एक चालक येतो. स्वयंचलनात त्या चालकाचीही गरज उरतेच असे नाही. दोन्हींचा रोजगारावरील परिणाम वेगळा असल्याने या विषयावरील लेखनात हे शब्द एकमेकांऐवजी वापरणे दिशाभूल करणारे ठरते.

शिक्षण व मराठी पर्याय

महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने अभियांत्रिकीसह अनेक शाखांचे परिभाषाकोश प्रसिद्ध केले आहेत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ पासून मराठीसह काही भारतीय भाषांत अभियांत्रिकीचे पदवीशिक्षण देण्यास मुभा दिली. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वर्गात समजावणी मराठीत होत असली, तरी यंत्राचा पडदा, माहितीपुस्तिका आणि धोक्याच्या सूचना बहुतांशी इंग्रजीत असतात. त्यामुळे व्यवहारात संज्ञा इंग्रजी व वाक्य मराठी अशी मिश्र भाषा रूढ आहे. ‘सेन्सरने सिग्नल दिला नाही म्हणून इंटरलॉक सुटला नाही’ हे वाक्य यंत्रशाळेत कोणालाही कळते. ‘संवेदक’, ‘नियंत्रक’ व ‘स्वयंचलन’ हे पर्याय लेखनात बऱ्यापैकी स्थिरावले आहेत. एंड इफेक्टर, पेलोड व टीच पेंडंट यांना मात्र अद्याप सर्वमान्य मराठी शब्द मिळालेला नाही.