‘होर्तुस मलबारिकुस’मधील वनस्पतिनामे

मलबारच्या अरण्यांतील वनस्पतींचा पहिला विस्तृत सचित्र ग्रंथ ‘होर्तुस मलबारिकुस’ हा लॅटिन भाषेत असून त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे छापले गेले. तो कोचीनचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक फान रेडे याच्या नावावर मोडतो. तथापि त्यातील वनस्पतींची नावे व गुण प्रामुख्याने सांगितले ते इट्टी अच्युतन या ईळव वैद्याने. त्याचे मल्याळम कथन प्रथम पोर्तुगीजमध्ये व मग लॅटिनमध्ये उतरले. रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या कोंकणी वैद्यांचे १६७५ चे साक्षपत्र तर पहिल्या खंडात नागरी लिपीतच छापलेले आहे. कोंकणीच्या अभ्यासकास त्याचे मोल सांगावयास नको.

या नावांची घडण लक्षणीय आहे. ‘काट्टु’ म्हणजे रानटी, ‘चेरिय’ म्हणजे लहान. अशी पदे मूळ नावास जोडून सारख्या दिसणाऱ्या वनस्पतींतील भेद दाखविला जाई. अर्थात लिनिअसची द्विपद पद्धती यातूनच निघाली, असे म्हणणे धाडसाचे होईल. मात्र १७५३ मध्ये त्याने रेडेच्या ग्रंथाचा आधार घेतला, तेव्हा मलबारी शब्दही उचलले. बकुळीच्या ‘मिमुसॉप्स एलेंगी’ या नावातील ‘एलेंगी’ हा त्यांपैकीच होय. सोनचाफ्याची ‘मिशेलिया’ ही प्रजाती पुढे ‘मॅग्नोलिया’त विलीन झाली, ‘चंपका’ हे पद टिकले. नामकर्ता म्हणून नोंद मात्र लिनिअसचीच होते. ज्यांच्या बोलीतून ही नावे आली, त्या मल्याळी वाचकांना के. एस. मणिलाल यांचा मल्याळम अनुवाद २००८ मध्ये मिळाला.