हॉवर्डचे विधी महाविद्यालय : एका निकालाची पूर्वतयारी

#थ्रेड
१/ १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वर्णाधारित विभाजन घटनाबाह्य ठरवले. 'ब्राऊन' खटल्याचा हा निकाल सुपरिचित आहे. त्यामागचे अनेक वकील मात्र एकाच संस्थेत घडले होते : वॉशिंग्टनमधील हॉवर्ड विद्यापीठाचे विधी महाविद्यालय.

२/ यादवी युद्धानंतर गुलामगिरी संपली. पण कागदावर मिळालेले हक्क न्यायालयात टिकवण्यासाठी वकील हवे होते. १८६९ मध्ये जॉन मर्सर लँगस्टन यांच्या नेतृत्वाखाली अवघ्या सहा विद्यार्थ्यांनिशी अध्यापन सुरू झाले. दिवसा पोटापाण्याचा उद्योग करणाऱ्यांसाठी वर्ग संध्याकाळी भरत.

३/ १८७२ मध्ये येथून पदवी घेतलेल्या शार्लट रे या अमेरिकेतील पहिल्या कृष्णवर्णीय महिला वकील. परंतु पूर्वग्रहांमुळे पक्षकार मिळेनात; अखेर त्यांना शिक्षिकेचा पेशा पत्करावा लागला.

४/ १८९६ च्या 'प्लेसी' निकालाने 'वेगळे, पण समान' हे तत्त्व मान्य केले आणि विभाजनाला घटनेचे कवच मिळाले.

५/ १९२९ मध्ये हार्वर्डमध्ये शिकलेले चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन येथे सूत्रधार झाले. त्यांनी सायंवर्ग बंद केले, अभ्यासक्रम कठोर केला. १९३१ मध्ये अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता मिळाली. याची किंमतही होती : नोकरी सांभाळून वकील होण्याची वाट अनेकांना बंद झाली.

६/ थर्गुड मार्शल हे ह्यूस्टन यांचे शिष्य. त्यांच्या स्वतःच्या राज्यातील मेरीलँड विद्यापीठाच्या विधी शाखेत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. १९३३ मध्ये ते हॉवर्डमधून प्रथम आले आणि पुढे गुरुशिष्यांनी त्याच मेरीलँड विद्यापीठाविरुद्ध दावा लढवून १९३५ मध्ये एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला तेथे प्रवेश मिळवून दिला.

७/ उच्च शिक्षणापासून आरंभ करण्यामागे हिशेब होता. राज्यांनी कृष्णवर्णीयांसाठी प्राथमिक शाळा वेगळ्या काढल्या होत्या. स्वतंत्र विधी महाविद्यालये मात्र बहुतेक ठिकाणी नव्हतीच. तेथे 'समान'चा दावा उघडा पडे.

८/ १९४४ मध्ये वर्गातील एकमेव स्त्री पॉली मरे प्रथम आल्या. सुविधांची विषमता सिद्ध करत बसण्यापेक्षा विभाजनावरच घाव घालावा, असे त्यांनी मांडले तेव्हा वर्ग हसला. 'प्लेसी' पंचवीस वर्षांत रद्द होईल, अशी दहा डॉलरची पैज त्यांनी प्राध्यापक स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांच्याशी लावली. पुढील शिक्षणासाठी हार्वर्डने त्यांना स्त्री म्हणून प्रवेश नाकारला.

९/ 'ब्राऊन'मधील युक्तिवादांची तालीम हॉवर्डमध्येच होई. प्राध्यापक व विद्यार्थी न्यायाधीश बनून वकिलांना प्रश्न विचारत. ह्यूस्टन १९५० मध्येच निवर्तले होते.

१०/ मार्शल १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. मरे यांनी पैज दहा वर्षांतच जिंकली. त्यांचा विद्यार्थिदशेतील निबंध रॉबिन्सन यांनी 'ब्राऊन'च्या तयारीत बाहेर काढून वापरला होता. हे खुद्द मरे यांना मात्र बऱ्याच वर्षांनी कळले.