परस्थाचे खाते : शूर्पारकापासून विरारपर्यंत

१

मनुष्य परदेशी गेला म्हणजे त्याचे घर मागे राहते, शेत मागे राहते आणि अलीकडच्या काळात बँकेतील खातेही मागे राहते. घराची व शेताची देखभाल भाऊबंदांकडून होऊ शकते. खात्याची देखभाल मात्र खातेदाराच्या सहीवाचून होत नाही. सही करणारा दूर आणि पैसा येथे, ह्या विसंगतीतून कोणत्या व्यवस्था निर्माण झाल्या आणि ‘रहिवासी’ कोणास म्हणावे ह्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी कसे बदलीत नेले, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी विरार व त्याचा परिसर निवडण्याचे कारण उघड आहे. प्राचीन शूर्पारक म्हणजे आजचे सोपारे विरारच्या शेजारीच आहे. १८६७ साली विरारहून मुंबईस उपनगरी गाडी सुरू झाली आणि मुंबई बंदर ह्या पट्ट्याच्या आवाक्यात आले. पुढे वसई-विरारमधील असंख्य कुटुंबांतील कर्ती माणसे इराणच्या आखातालगतच्या देशांत नोकरीस गेली. दूरस्थाचा पैसा हा ह्या भूमीला नवा विषय नव्हे.

२

नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात ह्याचा लेख आहे. त्याच्या दानांच्या यादीत शूर्पारकाचा उल्लेख येतो. त्याच लेण्यातील ४२ ह्या वर्षाच्या लेखात त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींत ३००० कार्षापण ‘अक्षयनीवी’ म्हणून ठेवल्याचे नमूद आहे : २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ व्याजाने, आणि १००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. २००० कार्षापणांचे वर्षाचे व्याज २४० होते, आणि वर्षावासास राहिलेल्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ द्यावेत, असा हिशेब लेखातच बसविलेला आहे. मूळ रक्कम परत द्यावयाची नाही, केवळ तिच्या वृद्धीचा उपभोग घ्यावयाचा, अशी अट आहे. हा व्यवहार निगमसभेत जाहीर होऊन फलकावर नोंदला गेला.

ह्या लेखातील तीन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. ठेवीदार स्वतः स्वाऱ्यांवर फिरणारा आहे. मालव व उत्तमभद्र ह्यांच्या प्रकरणी तो उत्तरेस गेल्याचे त्याच लेण्यात सांगितले आहे. ठेव सांभाळणारी संस्था स्थानिक आहे. आणि ठेवीदार पुन्हा आला नाही तरी व्यवहार चालावा ह्यासाठी सूचना, जाहीर वाचन व नोंद ह्या तिन्हींची तरतूद केली आहे. ठेवीदाराचा निवास कोठे, हा प्रश्न मात्र लेखात कोठेही उद्भवत नाही. ठेव कोणाची आणि कशासाठी, एवढेच तेथे पुरेसे ठरले.

३

अर्वाचीन काळी हा प्रश्न बराच काळ उद्भवला नाही, ह्याचे कारण निराळे आहे. भारतात टपालाची मनीऑर्डर १८८० पासून आणि टपाल बचत बँक १८८२ पासून सुरू झाली. मस्कतला भारतीय टपालखात्याची कचेरी १८६४ साली, तर बहारीनला १८८४ साली उघडली होती. बहारीनमध्ये १९२० साली ईस्टर्न बँकेची शाखा निघाली. ह्या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट अशी की, कुवेत, बहारीन, कतार, मस्कत आणि आज संयुक्त अरब अमिराती म्हणून ओळखला जाणारा प्रदेश ह्या सर्व ठिकाणी रोजच्या व्यवहारात भारतीय रुपया चालत असे. तेथील पगार आणि येथील वाणसामान एकाच नाण्यात मोजले जाई. मनुष्य समुद्रापार होता, पण त्याचा पैसा चलनाच्या दृष्टीने घरातच होता.

ही स्थिती १९५९ पासून पालटली. आखातात साठलेल्या रुपयांच्या बळावर सोन्याची चोरटी आयात होत होती. तिला आळा घालण्यासाठी त्या वर्षी भारतीय रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती करून आखातापुरत्या वेगळ्या रंगाच्या नोटा काढण्यात आल्या. १९६१ साली कुवेतने व १९६५ साली बहारीनने आपापला दिनार आणला. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले, डॉलरला ४.७६ रुपये असलेला भाव ७.५० रुपये झाला. ह्यानंतर उरलेल्या राज्यांनीही रुपया सोडला, आणि शेवटी १९७० साली ओमानने.

ह्या घटनेचा अर्थ एका साध्या हिशेबाने स्पष्ट होईल. अवमूल्यनापूर्वी ४७६ रुपयांची ठेव १०० डॉलरांच्या तोलाची होती. अवमूल्यनानंतर तीच ठेव सुमारे साडेत्रेसष्ट डॉलरांची उरली. येथे राहून येथेच खर्च करणाऱ्यास हा फरक लगेच जाणवला नसेल. परंतु जो तेथे मिळवीत होता आणि येथे साठवीत होता, त्याला आपली बचत कोणत्या नाण्यात मोजावी हा प्रश्न प्रथमच पडला. स्थलांतराने जे घडविले नव्हते ते चलनाच्या विभक्तीने घडविले : एकाच माणसाचे दोन आर्थिक पत्ते झाले.

४

विदेशी चलनाच्या नियमनाचा कायदा १९४७ पासून अमलात होता. त्याची जागा १९७३ च्या अधिक कठोर कायद्याने घेतली. परंतु ह्याच काळात शासनाला परस्थांच्या बचतीची गरजही वाटू लागली होती. त्यातून १९७० साली अनिवासी (बाह्य) रुपया खाते आणि १९७५ साली परकीय चलनातील अनिवासी ठेव अशा दोन योजना आल्या. पहिलीत पैसा रुपयांत राहतो, पण व्याजासह परदेशी नेता येतो. दुसरीत ठेव परकीय चलनातच राहत असे आणि विनिमयदराचा धोका रिझर्व्ह बँक पत्करीत असे. हा भार असह्य झाल्यावर १९९३ साली नवी योजना आणून तो बँकांकडे सोपविण्यात आला. १९७३ च्या तेलदरवाढीनंतर आखातात नोकऱ्यांचा ओघ वाढला, आणि १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर बँकांच्या शाखाही लहान गावांपर्यंत पोहोचू लागल्या. वसईत सहकारी पतव्यवहाराची परंपरा त्याहून जुनी आहे. बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँकेचा आरंभ १९१८ सालचा आहे. खाते ही वस्तू येथील कुटुंबांना अपरिचित नव्हती. अपरिचित होते ते ‘अनिवासी’ हे विशेषण.

ह्या शब्दाकडे भाषेच्या अंगाने पाहणे आवश्यक आहे. मराठीत दूर राहणाऱ्यास ‘परस्थ’ हा शब्द आहे. तो मनुष्य कोठे आहे हे सांगतो. ‘अनिवासी’ हा इंग्रजी कायद्यातील संज्ञेवरून घडविलेला शब्द असून तो मनुष्य कोठे नाही हे सांगतो. परस्थाचे घर गृहीत असते. अनिवासीचे घर नाकारलेले असते. १९९९ च्या, म्हणजे १ जून २००० पासून लागू झालेल्या, विदेशी चलन व्यवस्थापन कायद्याने ‘नियमन’ ह्या शब्दाच्या जागी ‘व्यवस्थापन’ आणले आणि उल्लंघनाला फौजदारीऐवजी दिवाणी स्वरूप दिले, हे खरे. परंतु निवासाची कसोटी कायद्याचीच राहिली : मागील आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून अधिक वास्तव्य, आणि त्यापलीकडे हेतू. जो नोकरीसाठी, किंवा अनिश्चित काळ बाहेर राहण्याच्या इराद्याने देश सोडतो, तो कायद्याने तेव्हापासूनच अनिवासी होतो. त्याचे येथील साधे बचत खाते ‘अनिवासी सामान्य’ खात्यात बदलून घ्यावे लागते. त्या खात्यावरील व्याजाला कर आहे, तर बाह्य खात्यावरील व्याजाला सूट आहे. सामान्य खात्यातून परदेशी न्यावयाच्या रकमेस दर आर्थिक वर्षी १० लाख डॉलरांची मर्यादा आहे. विरारला घर घेऊन ते भाड्याने दिले, तर ते भाडे येथील उत्पन्न म्हणून ह्याच खात्यात जमा होते. एकाच कुटुंबाचा पैसा अशा रीतीने उगमावरून दोन जातींत विभागला जातो.

५

ह्या व्यवस्थेत घरी राहणाऱ्यांचे, विशेषतः पत्नीचे, स्थान काय, हा खरा कळीचा प्रश्न आहे. खाते पतीच्या नावे, पण शाळेची फी, औषधपाणी व घराचे हप्ते तिच्या हातून जावयाचे. ह्यावरील रूढ तोडगा म्हणजे मुखत्यारपत्र. परदेशातील भारतीय वकिलातीपुढे केलेले असे पत्र भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. शिवाय मुखत्याराचे अधिकार मर्यादित असतात : त्याला येथील खर्च भागविता येतो, पैसा खुद्द खातेदाराकडे पाठविता येतो, पण खातेदाराच्या वतीने कोणास भेट देता येत नाही. बाह्य खात्यात येथील जवळच्या नातलगास सहखातेदार करण्याची परवानगी २०११ साली मिळाली. परंतु तीही अशी की, पहिला खातेदार हयात असेपर्यंत दुसऱ्याने केवळ मुखत्यार म्हणून व्यवहार करावा. अर्थात घर जी चालविते ती कागदावर मालक नसते; तिचा पूर्ण हक्क वैधव्यानंतर सुरू होतो. ‘मुखत्यार’ ह्या अरबी मूळाच्या शब्दाचा अर्थ ‘निवडलेला’ असा आहे. येथे निवड खातेदाराची आणि श्रम दुसऱ्याचे, हा अर्थ शब्दातच दडलेला आहे.

ह्या व्यवस्थेची परीक्षा २ ऑगस्ट १९९० रोजी झाली. इराकने कुवेत व्यापल्यावर तेथून १ लाखाहून अधिक भारतीयांना विमानाने परत आणावे लागले. ज्यांची बचत कुवेतमधील बँकांत होती ती तूर्त अडकून पडली. ज्यांनी ती वेळोवेळी गावाकडे पाठविली होती त्यांना आधार राहिला. ह्याच सुमारास भारताच्या परकीय गंगाजळीवर संकट आले आणि अनिवासी ठेवी काढून घेतल्या जाऊ लागल्या. एकीकडे खाते कुटुंबाचा आधार ठरले, तर दुसरीकडे तेच राष्ट्राच्या अडचणीचे एक कारण ठरले. परस्थाची ठेव ही राष्ट्राच्या दृष्टीने विश्वासाची मोजपट्टी असते, हे तेव्हा सिद्ध झाले.

६

आजच्या नियमांनुसार ज्या बचत खात्यात दोन वर्षे खातेदाराकडून व्यवहार झाला नाही ते निष्क्रिय होते, आणि दहा वर्षे दावा न झालेली रक्कम २०१४ साली स्थापन झालेल्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. वारसाला ती पुढेही मागता येते. पण मागण्यापूर्वी ती आहे हे ठाऊक असावे लागते. बंद पडलेला जुना भ्रमणध्वनी क्रमांक, वारसाची न केलेली नोंद आणि घरात कोणालाही न सांगितलेले खाते, ह्या तीन कारणांनी परस्थाची ठेव बेवारस होऊ शकते.

उषवदाताच्या लेखाशी तुलना केली असता फरक स्पष्ट होतो. तेथे ठेवीचे टिकणे ठेवीदाराच्या उपस्थितीवर अवलंबून नव्हते, कारण तिचा हेतू सभेत वाचून फलकावर लिहिला होता. आज नोंद अधिक काटेकोर आहे, परंतु ती खातेदार व बँक ह्या दोघांतच राहते. म्हणून वसई-विरारच्या स्थलांतराचा इतिहास लिहावयाचा तर किती पैसा आला एवढेच पाहून भागणार नाही. त्या पैशाची माहिती घरात कोणास होती आणि सहीचा अधिकार कोणाकडे होता, हेही पाहावे लागेल. कुटुंबांतील जुनी पासबुके, मुखत्यारपत्रे व आखातातून आलेली पत्रे ही ह्या अभ्यासाची साधने होत. ती घरोघर रद्दीत जाण्यापूर्वी आपल्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे वळावे, हे इष्ट आहे.