गावची आरोग्य कार्यकर्ती

* आरोग्य कार्यकर्ती : लेखकाने इथे ‘नर्सबाई’ आणि ‘आरोग्य कार्यकर्ती’ हे शब्द एकाच अर्थी वापरले आहेत, वाचकांनी ते वेगळे समजावेत. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. प्रशिक्षित नर्सने खेड्यात राहून काम करावे, हा सुरुवातीचा विचार जमला नाही. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची, असे ठरले. निवडल्या गेलेल्या बहुतेक जणी निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या जामखेडला येऊन शिकत, परतून घरोघर सांगत. बाळंतपणात हात आणि नाळ कापायचे पाते स्वच्छ हवे. जुलाब लागलेल्या मुलाचे पाणी तोडायचे नाही, उलट मीठ-साखरेचे पाणी पाजत राहायचे. जिच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, तिलाच अडलेल्या बाळंतिणीजवळ बोलावणे येऊ लागले. माझ्या मते जामखेडचे सर्वांत मोठे काम हेच. आरोळे दांपत्याला 1979 मध्ये मिळालेला मॅगसेसे पुरस्कार त्यानंतर येतो. या आरोग्य कार्यकर्तींपैकी मुक्ताबाई पोळ 1988 मध्ये वॉशिंग्टनच्या आरोग्य परिषदेत बोलल्या. ‘आशा’ ही सरकारी योजना 2005 मध्ये सुरू झालेली; म्हणून प्रस्तुत प्रकरणातील बायकांना ‘आशाताई’ म्हणू नये.
— संपादक