हनुवटीला टाके, हाड मोडले कानापाशी

अमरावती आणि अकोल्याला जोडणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि गिनेस विक्रमात त्याची नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला की वेगाचा मोह आवरत नाही. दुचाकी घसरली की मार पुष्कळदा चेहऱ्यावरच बसतो.

चेहऱ्यात १४ हाडे असतात. नाकाचे हाड त्यांत वारंवार मोडते. गालाचे हाड दबले तर गाल बसका दिसतो. सूज चढल्यावर ते लपते, पण गाल व वरचा ओठ बधिर होणे ही खूण उरते. डोळ्याच्या खोबणीचा तळ अत्यंत पातळ असतो. तो खचला की एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात. फ्रेंच शल्यचिकित्सक रेने ल फोर यांनी मृतदेहांच्या कवट्यांवर आघात करून १९०१ मध्ये वरच्या जबड्याच्या अस्थिभंगाचे तीन प्रकार मांडले. पहिल्यात दात व टाळूचा भाग सुटतो, दुसऱ्यात नाकासह त्रिकोणी भाग, तर तिसऱ्यात चेहऱ्याचा सांगाडाच कवटीपासून विलग होतो. अशा वेळी नाकातून पाण्यासारखा द्रव आला, तर ते मेंदूभोवतीचे पाणी असू शकते. नाक मुळीच शिंकरू नये.

खालचा जबडा मात्र फसवा. घोड्याच्या नालेसारखा आकार असल्याने मार एकीकडे बसतो आणि हाड दुसरीकडे मोडते. सायकलवरून हनुवटीवर पडलेल्या मुलाला टाके घातले जातात, जखम भरते, घरचे निश्चिंत होतात. कानापुढच्या सांध्यातील मोड कोणी पाहतच नाही. ती तशीच राहिल्यास सांधा हाडाने जखडू शकतो. पुढे काही महिन्यांत वा वर्षांत तोंड उघडेनासे होते, घास आत जात नाही, हनुवटीची वाढ खुंटते. वास्तविक मुलांमध्ये अनेकदा शस्त्रक्रियेचीही गरज नसते. वेळीच निदान आणि जबड्याचा व्यायाम पुरतो. म्हणून टाके घालतानाच विचारावे: दात पूर्वीसारखे जुळतात काय, तोंड पूर्ण उघडते काय? उत्तर नकारार्थी असल्यास क्ष-किरण वा सीटी स्कॅन हवाच.

मोठ्यांचा जबडा तारेने बांधतात किंवा टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्यांनी जोडतात. ही मुखशल्यचिकित्सा दंतवैद्यकाची शाखा आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तर अमरावतीत विदर्भ युथ वेल्फेअर सोसायटीचे दंत महाविद्यालय आहे. तेथवर नेताना शुद्धीवरील जखमीला, मानेला मार नसल्यास, पुढे वाकवून बसवावे. उताणे निजवल्यास रक्त घशात उतरून श्वास कोंडतो.