कुंतलीनची बाटली

नरकचतुर्दशीच्या पहाटे पाटावर बसावे, आईने कोमट तेल टाळूवर थापावे आणि आपण थंडीने कुडकुडत कुरकुर करावी, हा अनुभव नसलेला मराठी माणूस विरळाच. तेलाने केस वाढतात असे आईने सांगितले, आपण ते मानले. पुढे दुकानातल्या बाटल्यांनीही तेच सांगितले. त्यात तथ्य किती, हे पाहण्यासाठी वाचकांना मी घटकाभर जुन्या कलकत्त्यास नेणार आहे. तिथल्या एका तेलाने वाङ्मयाचे मात्र नक्कीच भले केले!

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेमेंद्रमोहन बोस नावाचे उद्योगी गृहस्थ कलकत्त्यात ‘कुंतलीन’ हे केशतेल आणि ‘देलखोश’ हे अत्तर विकत. माणूस हौशी, पुढे त्यांनी ध्वनिमुद्रणाचा धंदा काढून खुद्द रवींद्रनाथांचा आवाज मुद्रित केला. १८९६ साली त्यांनी कथांसाठी ‘कुंतलीन पुरस्कार’ सुरू केला. अट मोठी मौजेची होती. कथेत तेलाचा व अत्तराचा उल्लेख यावा, पण ती जाहिरात वाटता कामा नये.

पहिले बक्षीस मिळवले कोणी? विख्यात शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस यांनी! त्यांच्या कथेत कलकत्त्यावर तुफान येणार असा इशारा मिळतो, लोक जीव मुठीत धरून बसतात आणि तुफान येतच नाही. खरा प्रकार निराळाच असतो. तापातून उठलेला, केस गळालेला एक गृहस्थ हवापालटासाठी समुद्रप्रवासास निघालेला असतो. मुलीने दिलेली केशतेलाची बाटली तो खवळलेल्या समुद्रात टाकतो आणि लाटा शांत होतात. ही कल्पना अगदीच हवेतली नव्हती. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळच्या एका तळ्यावर चमचाभर तेल ओतून पाणी निवळताना पाहिले होते. पुढे १९०३ साली हाच पुरस्कार ‘मंदिर’ या कथेला मिळाला. कथा पाठवली होती मामाच्या नावाने. लिहिणारे होते, मामा वरेरकरांनी मराठीत आणलेले आपले शरद्बाबू.

तुफान राहू द्या. मला त्या कथेतला ताप महत्त्वाचा वाटतो. केसाचे प्रत्येक मूळ काही वर्षे वाढते, मग काही महिने विसावते आणि जुना केस गळतो. एरवी ही मुळे आळीपाळीने विसावतात. पण मोठा ताप, बाळंतपण किंवा उपासमार झाली की पुष्कळ मुळे एकदमच थांबतात आणि दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस हाती येतात. कारण दूर झाले की काही महिन्यांत ते बहुधा आपोआप परत येतात. माणूस बाटली विकत घेतो ती गळती ऐन भरात असताना. त्यामुळे श्रेय बाटलीला मिळते. साक्षीदार प्रामाणिक असतो, त्याचा निवाडा मात्र चुकतो.

असा साक्षीदार मीही होतो. पहिल्या बाळंतपणानंतर पत्नीचे केस गळाले, एक महागडे तेल लावले, केस आले. मी त्या तेलाचा प्रचारकच झालो! दुसऱ्या खेपेस तेल आणायला पैसे नव्हते, तरीही केस आले. परंतु तोवर माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईला मी तेच तेल सुचवून बसलो होतो. बिचारीने सहा महिने पोटाला चिमटा घेऊन बाटल्या आणल्या. पोरगी खेळाच्या तासाला धापा टाकू लागली, तेव्हा रक्त तपासले. अंगात लोह फार कमी होते. औषधाने मुलगी सुधारली, केसही सुधारले. ते सहा महिने मात्र माझ्या खाती लिहिलेले आहेत.

मग तेल खोटे काय? तसेही नव्हे. टाळूबाहेरचा केस निर्जीव असतो. त्याला पोसता येत नाही, पण जपता येते. मुंबईतल्या एका तेलकंपनीच्या संशोधकांनी २००३ साली दाखवून दिले, की खोबरेल केसात मुरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते. सूर्यफुलाच्या व खनिज तेलाला ते साधले नाही. आजींचा नारळ अगदीच भोळा नव्हता!

गोळ्यांचेही तसेच. अंगात उणीव असेल तर ती भरून काढणारी गोळी गुण देते. उणीव नसेल तर बायोटिनने केस वाढतात याला भक्कम पुरावा नाही. उलट त्याच्या मोठ्या मात्रेने हृदयविकाराच्या रक्तचाचणीचेही निकाल चुकू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली दिला. मुळांवर खरोखर काम करणारे मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबाचे औषध. टक्कल पडण्यावर लावण्यासाठी त्याला अमेरिकेत १९८८ साली परवानगी मिळाली. पण लावणे थांबले की त्याचा गुणही ओसरतो.

तेव्हा यंदाही तेल अवश्य लावा. पोरांना पाटावर बसवा, कुरकुरू द्या. तेल लाटा शमवते ती पाण्याच्या पाठीवर. केसांचेही तेच आहे. गळती थांबेना तर बाटली बदलण्याआधी मुलीच्या ताटात काय पडते ते पाहा आणि डॉक्टरांकडून तिचे रक्त तपासून घ्या.