करवतीचे दाते आणि लाकडातली अळी

झाडे तोडणाऱ्या यांत्रिक करवतीची साखळी जवळून पाहा. तिचे दाते एकाआड एक डावीकडे व उजवीकडे वळलेले दिसतील. ही रचना सुचली कशी?

पूर्वीच्या साखळ्यांना हातकरवतीसारखे टोकदार दाते असत. ते लाकूड ओरखडत, आणि त्यांना कानस लावण्यात कामगाराचा बराच वेळ जाई. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातला लाकूडतोड्या जो कॉक्स यावर उपाय शोधत होता. १९४६ साली एका बुंध्यात त्याला भुंगेऱ्याची अळी दिसली. जबडे डावीकडे-उजवीकडे चालवत ती लाकूड सहज कोरत होती, मग तंतू उभे असोत की आडवे! कॉक्सने त्या जबड्यांसारखे पोलादी दाते घडवले आणि १९४७ मध्ये पोर्टलंड येथे कंपनी काढली.

आजच्या बहुतेक साखळ्या याच वंशातल्या. गोल कानशीने त्यांना धार लावता येते. धार असली की ढलप्या पडतात. बोथट झाली की पिठासारखा भुसा. मग कामगार करवत जोराने दाबतो, आणि अपघाताचा धोका वाढतो.

किडका ओंडका आपण फेकून देतो. त्याआधी मुलांच्या हाती भिंग देऊन पाहू या का?